ढेकणांची सवय

रविवारी सकाळी आत्या लाँड्री अर्धी उघडी टाकून माहेरी आली, तेव्हाच सगळ्यांना कळलं की प्रकरण साधं नाही. गिऱ्हाइकांचे कपडे सोडून ती धाकट्या भावाच्या लग्नालाही वेळेवर पोचली नव्हती.

"कुठाय मास्तरीण?" दारातूनच तिने आवाज टाकला. हातात वर्तमानपत्राची सुरळी होती.

मास्तरीण म्हणजे तिची भाची, धाकट्याची एकुलती एक मुलगी. शाळेत जीवशास्त्र शिकवायची, म्हणून घरात हे नाव पडलं ते पडलंच. ती बैठकीच्या खोलीत मान खाली घालून बसली होती, कारण तेच वर्तमानपत्र तिच्याही पुढ्यात होतं.

"मी असं बोललेच नाही, आत्या."

"छापलंय की! एवढाल्या अक्षरांत. 'आपले आजोबा माकडच, शिक्षिकेचा दावा.' आणि त्याखाली कोण? बघ ना, कोण आहे त्याखाली?"

त्याखाली आप्पा होते, मास्तरणीचे सख्खे आजोबा. बातमीत नव्हते, बातमीला चिकटून घरच्या धंद्याची जाहिरात होती, दर रविवारी असायची तशी. पण या खेपेला मधली रेघ इतकी पुसट छापली गेली होती, की 'आजोबा माकडच' या मथळ्याखाली खांद्याला फवारणीचा पंप अडकवून छाती काढून उभे असलेले आप्पाच दिसत होते. त्यांच्या पायाशी ओळ होती: ढेकूण, झुरळ, वाळवी. पन्नास वर्षांचा अनुभव, पक्की हमी.

"सकाळपासून अकरा जण लाँड्रीत येऊन गेले," आत्या म्हणाली. "एकाच्याही हातात कपडे नव्हते."

खुद्द आप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसून तो फोटो न्याहाळत होते. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी अपमान करून घ्यायचा की नाही हे माणूस स्वतः ठरवू शकतो, अशा मताचे ते झाले होते. "फोटो मात्र पुरा आलाय," ते म्हणाले. "मागच्या वेळी त्यांनी माझा डावा कान कापला होता."

"आप्पा, तुम्हाला माकड म्हटलंय!"

"मला नाही, माझ्या नातीच्या आजोबांना."

"ते तुम्हीच!"

मास्तरणीने कपाळाला हात लावला. काल वाचनालयात तिचं व्याख्यान झालं होतं. चाळीस माणसं होती, त्यातली दहा पंख्याखाली बसायला आलेली. "मी एवढंच सांगितलं," ती म्हणाली, "की माणूस आजच्या माकडांपासून झालेला नाही. फार फार मागे दोघांचे पूर्वज एक होते, मग दोन घरं वेगळी झाली. माकडं आपले आजोबा नाहीत. लांबचे चुलत आहेत."

"म्हणजे वाटण्या झाल्या म्हण ना," आप्पा म्हणाले.

"तसंच काहीसं."

"आणि झाडं त्यांच्या वाटणीला गेली." आप्पांनी मान डोलावली. त्यांना व्यवहार पटला होता.

आत्याला पटला नव्हता. "बरं, मी विचारते ते सांग. एवढं सगळं झालं, माणूस तयार झाला, मग ही माकडं अजून कशाला उरलीत? त्यांनी अर्ज भरला नव्हता का?"

"आत्या, तू लग्न होऊन सासरी गेलीस, म्हणून माहेर रिकामं झालं का? थोरले काका अजून इथेच आहेत ना?"

आत्याने कोचावर पाय पसरून बसलेल्या थोरल्या भावाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे मात्र पटतं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

थोरल्याला हे माकडपुराण लवकर आटपायला हवं होतं. आजची बैठक त्याने बोलावली होती ती मुलींच्या वसतिगृहासाठी. तिथे तीन महिन्यांत तीनदा फवारणी झाली होती आणि ढेकूण होते तिथे होते. आप्पांचे हात थरथरायला लागल्यापासून या धंद्याचं तोंड थोरला होता आणि हातपाय धाकटा. थोरला गिऱ्हाइकांशी बोलायचा, धाकटा औषध कालवून, पंप पाठीला लावून फवारायचा. धंदा पुढे कुणाच्या हाती जाणार हे मात्र आप्पांनी अजून सांगितलेलं नव्हतं, आणि ते आज सांगतील अशी थोरल्याची तजवीज होती.

"स्पष्टच बोलतो," तो म्हणाला. "औषध तेच, कंपनी तीच, पंप तोच. मग बिघडलं कुठे? कालवण्यात. धाकट्याचं माप चुकतंय. त्याने आता गोदाम सांभाळावं, बाहेरचं मी बघतो. उद्या मी स्वतः वसतिगृहात जातो आणि दुप्पट कडक मारतो."

धाकटा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता. त्याने नडगी खाजवली फक्त.

"दुप्पट?" मास्तरीण उठलीच. "काका, तिथे मुली झोपतात! मागच्या वेळी दोघींचे डोळे दिवसभर चुरचुरत होते."

"ढेकणांना औषधाची सवय झालीय," आप्पा म्हणाले. "साधी गोष्ट आहे. मला पूर्वी अर्ध्या कप चहाने झोप यायची नाही. आता तीन कप पिऊनही डुलकी लागते. सवय झाली की डोस वाढवावा लागतो."

"सवय नाही, आजोबा. मेलेल्याला सवय होत नाही आणि ज्याला औषध लागलंच नाही त्याला सवयीची गरज नाही. हजारांत दोनचार ढेकूण जन्मतःच असे निघतात की हे औषध त्यांना बाधत नाही. बाकीचे मेले, हे उरले. पुढची पिल्लं यांचीच. आपण पुन्हा तेच मारलं, पुन्हा तसलेच उरले."

थोरल्याने मांडीवर थाप मारली. "बळी तो कान पिळी! मी वेगळं काय म्हणतोय? तगडा टिकतो, दुबळा बाजूला होतो. निसर्गाचाच नियम आहे, आपण कोण मोडणारे?" आणि त्याने धाकट्याकडे असं पाहिलं की नियम लागू झाल्याची तारीखही कळावी. "मास्तरणी, तुझं शिक्षण पहिल्यांदा घराच्या कामी आलं बघ."

"काका, बळी तो नाही..." असं ती म्हणते आहे तोवर दारावरची घंटा वाजली.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई आत आल्या. उंच, काटक, आणि एकाही मुलीचा बहाणा आजवर न पटलेल्या. त्यांनी पिशवीतून काचेची बरणी काढली. तोंडाला बारीक कापड बांधलेलं होतं. आत दुमडलेला पुठ्ठा आणि त्यावर चालणारे तपकिरी ठिपके.

"तिसऱ्या फवारणीच्या दुसऱ्या दिवशी पकडलेत, नऊ नंबरच्या खोलीतून," त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. "दोन आठवडे माझ्या कपाटात बंद आहेत. खायला नाही, प्यायला नाही. बघा प्रकृती कशी आहे. आता मला एवढंच सांगा, उद्या काय करणार? नाहीतर मी दुसरीकडे जाते."

आत्याने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"बाई, चूक आमच्या माणसाची आहे," थोरला म्हणाला. "औषध पातळ पडलं. माणूस बदलतोय."

आणि इथे, ज्याने शाळेत असतानासुद्धा कधी हात वर केला नव्हता, तो धाकटा उभा राहिला.

"पातळ नव्हतं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. "पातळ नव्हतं. मी दर नवीन डबा आला की तपासतो."

"कशावर तपासतोस?" आप्पांनी विचारलं.

धाकट्याने मुलीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. सव्वीस वर्षं त्याने ही गोष्ट पोटात ठेवली होती. ती या घरात, या लोकांसमोर सांगायची म्हणजे पोहणं शिकवणाऱ्याने मला पाण्याची भीती वाटते म्हणण्यासारखं होतं. पण गोदामात बसून दुसऱ्या कुणाला तरी चुकीचं औषध मारायला जाताना बघणं त्याहून वाईट होतं. तो माळ्यावर गेला आणि जुन्या बुटांच्या खोक्यातून एक बरणी घेऊन खाली आला. हिच्याही तोंडाला जाळी होती. आतले ठिपके मात्र गोल, गुबगुबीत आणि चपळ होते.

"हे जुन्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांतले. म्हणजे त्यांचे वंशज. हे नवीन औषध निघायच्या आधीचे," तो म्हणाला. "यातले चारपाच काढून त्यांच्यावर औषध बघतो. वापरलेले परत बरणीत कधीच टाकले नाहीत."

आत्याने वर घेतलेले पाय पोटाशी ओढले.

"आपल्या घरात," थोरला सावकाश म्हणाला, "तू ढेकूण पाळलेस?"

"माळ्यावर."

"आणि ते खातात काय?"

धाकट्याने विजारीचा पाय वर केला. नडगीवर बरणीची जाळी टेकवल्याचे रुपयाएवढे लाल गोल होते, एकाशेजारी एक, शिस्तीत.

"बाबा!" मास्तरीण ओरडली. "ते इसब? मी तुम्हाला किती मलमं आणून दिली!"

"तुझी आई उष्णता म्हणायची," धाकटा अपराधीपणाने म्हणाला. "तिने काकडी लावली. मी लावून घेतली."

थोरला ताडकन उठला. त्याचा गुडघा टेबलाला लागला, दोन्ही बरण्या डगमगल्या, रेक्टरबाईंच्या बरणीवरचं कापड सैल झालं. धाकट्याने स्वतःची बरणी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली. दुसरी मास्तरणीने धरली आणि कापड पुन्हा आवळलं.

"उगाच नाचू नका, खाली बसा," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज दहा वर्षांत एवढा खणखणीत लागला नव्हता. "धाकट्या, औषध आण. उद्या मारायचं तेच. सगळ्यांसमोर कालव."

धाकट्याने हातमोजे चढवले, खिडक्या उघडल्या आणि नेहमीच्या मापाने औषध कालवलं. थोरल्याने माप तीनदा तपासलं. दोन खोलगट बशांत औषधात भिजवून वाळवलेले कागद ठेवले. एका बशीत माळ्यावरचे सहा, दुसरीत वसतिगृहाचे सहा. सगळे टेबलाभोवती वाकले. आत्याने पाय खाली घेतले, पण चपला घालून.

पाच मिनिटांत माळ्यावरचे लडखडायला लागले. अर्ध्या तासात सहाच्या सहा पाठीवर पडून पाय झाडत होते. धाकट्याने तोंड फिरवलं. त्यांना त्याने स्वतःच्या रक्तावर वाढवलं होतं. दुसऱ्या बशीत वसतिगृहाचे सहा, वाळकुडे, उपाशी, बशीच्या कडेकडेने फेऱ्या मारत होते. सकाळी बागेत चालणारे निवृत्त लोक मारतात तशा.

"म्हणजे औषध ठीक आहे," रेक्टरबाई म्हणाल्या. "आणि माप ठीक आहे."

"आणि तगडे मेले," आत्या म्हणाली. तिचं लक्ष थोरल्याकडे होतं. "लुकडे राहिले. कान कुणी पिळला रे, दादा?"

"दोन आठवडे उपाशी आहेत म्हणून लुकडे दिसतात," मास्तरीण प्रामाणिकपणे म्हणाली, "पण मुद्दा तोच. ताकदीचा प्रश्नच नाही. या बशीत जो जगतो तो या बशीपुरता बरा. बाहेर काढून वाफेत टाकले तर दोन्ही बशांतले सारखेच मरतील."

आप्पांनी मात्र हार मानली नव्हती. "सवयच आहे ही. यांनी तीन फवारण्या पचवल्या. माळ्यावरच्यांना सवयच नाही, म्हणून गेले."

मास्तरीण रेक्टरबाईंच्या बरणीवर वाकली आणि ती उजेडाकडे धरली. पुठ्ठ्याच्या घडीत टाचणीच्या टोकाएवढे फिकट जीव होते. शेजारी फुटलेली पांढरी अंडी.

"बाई, पकडलेत तेव्हा ही एवढी पिल्लं होती?"

"छे. मोठेच होते, चौदा. मी मोजून टाकलेत."

"म्हणजे ही बरणीत जन्मली. तुमच्या कपाटात. यांनी औषध बघितलेलंच नाही." तिने मऊ ब्रशने पाच पिल्लं औषधाच्या कागदावर ठेवली. "आजोबा, यांना कुठून सवय असणार?"

पुन्हा अर्धा तास गेला. चहा झाला, तो उभ्यानेच. पिल्लांपैकी एक पडलं. चार चालत राहिली.

आप्पा किती तरी वेळ त्या चौघांकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते कुणाला कळलं नाही. त्यांना स्वतःलाही नीटसं कळत नव्हतं. पन्नास वर्षं ते गिऱ्हाइकांना 'सवय मोडतो' असं सांगत आले होते. वाक्य चांगलं होतं. लोकांना आवडायचं. आणि समोर ही कालची कार्टी कसलीही सवय नसताना बिनधास्त चालत होती.

"आईबापांकडून आलं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि ते आईबाप मागे कुणी ठेवले..." हे त्यांनी पुरं केलं नाही.

"मोठे एक कमी आहेत," धाकटा म्हणाला.

"काय?"

"बाईंनी मोजून चौदा टाकले होते. बशीत सहा. बरणीत सात." तो कोचाकडे बघत होता. "मघाशी दादाचा गुडघा लागला तेव्हा..."

थोरला कोचावरून असा उडाला की त्या वयात त्याला इतकं जमेल असं कुणाला वाटलं नसतं. मग सगळेच उभे राहिले, आप्पासुद्धा. ढेकूण मारणाऱ्यांच्या घरात, बसायला जागा नसलेल्या घरात, सहा माणसं भिंतीपासून हातभर अंतर ठेवून उभी होती.

"फवारा!" थोरला म्हणाला.

"कशावर? त्याला लागत नाही, हे आत्ता तर बघितलं!" आत्याने कमरेला पदर खोचला. "मास्तरणी, तू वाफ म्हणालीस ना मघा? वाफेने नक्की मरतो?"

"चांगली गरम आणि थेट लागली तर मरतो. अंडीसुद्धा."

आत्या गेली आणि वीस मिनिटांत लाँड्रीतलं वाफेचं मशीन ढकलत घेऊन आली. जाड कोट आणि पडदे सरळ करायचं, लांब नळीचं. हे मशीन घेतलं तेव्हा थोरला आठवडाभर तिला 'इंजिन ड्रायव्हर' म्हणत होता. तिने त्याला कोच उलटा करायला लावला. शिवणीशिवणीतून नळी फिरवली, हळू, इस्त्रीच्या हाताने. तिसऱ्या शिवणीत सापडला. वाफ लागताच आकसला आणि पडला. धाकट्याने चिमट्याने उचलून उजेडात धरला, बराच वेळ थांबला. ढेकूण हलला नाही.

"बाई," आत्या घाम पुसत रेक्टरबाईंना म्हणाली, "तुमच्याकडे गाद्या किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मशीन माझं. माणसं यांची."

थोरला काही बोलणार होता. पण आप्पांनी हात वर केला. "वसतिगृहाचं काम धाकटा बघेल. पुढेही तोच ठरवेल, कुठे काय मारायचं आणि कुठे नाही. तू गिऱ्हाइकांशी बोल. ते तुला चांगलं जमतं, पण यापुढे त्याला विचारून बोल." मग थोडं थांबून, "आणि ती बरणी माळ्यावर नको. गोदामात ठेवा. कुलपात."

सोमवारी शाळेत मास्तरणीकडे लेखी खुलासा मागितला गेला. तिने दोन पानं लिहून दिली; ती कुणी वाचली की नाही ठाऊक नाही. खरा खुलासा आत्याने लाँड्रीच्या काउंटरवरून केला. जो विचारायला येई त्याला ती सासर-माहेरचा दाखला द्यायची. आठवड्याभरात निम्म्या वस्तीला तो पाठ झाला, आणि तोही चुकीचा: माकडं म्हणे बाईच्या माहेरची असतात. तक्रारी मात्र थांबल्या. नवरेमंडळींना सिद्धांत पटला होता.

बुधवारी वसतिगृहात गाद्या निघाल्या. थोरला एकेक गादी डोक्यावर घेऊन जिना उतरत होता आणि प्रत्येक मजल्यावर मुलींना "बाजूला, बाजूला" म्हणत होता. धाकटा पलंगांचे सांधे खोलत होता. आत्या नळी चालवत होती. फवारणीचा पंप कुणी आणलाच नव्हता. आप्पांना कुणी यायला सांगितलं नव्हतं. ते रिक्षाने आले आणि रेक्टरबाईंच्या खोलीत गेले.

"बाई, मी तुम्हाला हमी दिली होती. ती चुकीची होती. माणूस चुकला नव्हता, मी चुकलो होतो." एवढंच बोलून ते बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. मास्तरीण शाळा सुटल्यावर आली ती त्यांच्याशेजारी टेकली.

"वाफेतून पण काही उरतील का गं? पुढे?"

"अवघड आहे. पण कधीच नाही, असं मी लिहून देणार नाही."

आप्पा हसले. मग हसू हळूहळू ओसरलं. "मी पन्नास वर्षं समजत होतो की मी ढेकूण मारतोय," ते म्हणाले. "एकही घर सोडलं नाही. लोक हात जोडायचे. आणि मी काय करत होतो? निवडत होतो. वाईटातले वाईट निवडून त्यांना घरं रिकामी करून देत होतो."

मास्तरणीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वर्गात तिला या जागी वाक्य सुचलं असतं.

"तुम्हाला माहीत नव्हतं, आजोबा."

"ते खरं. पण बघितलं असतं तर दिसलं असतं. धाकट्याने बघितलं. मी बघितलंच नाही, कारण मारायची घाई."

वरच्या मजल्यावरून एक मुलगी ओरडली. पलंगाच्या लोखंडी सांध्यात एक जिवंत सापडला होता. थोरला चप्पल काढून धावला, आत्या नळी घेऊन धावली. आप्पा कठड्याला धरून उठले आणि नातीचा हात धरून एकेक पायरी चढत वर गेले.

"थांबा," ते दारातूनच म्हणाले. "मारू नका." आणि ते त्या पलंगापाशी गुडघ्यांवर बसले, चष्मा नाकावर सरकवला, चेहरा सांध्याच्या इतका जवळ नेला की मुली मागे सरकल्या. "आधी मला बघू दे, हा कसा काय उरला ते."